नागलीचे पापड घेऊन गुडगावला

एखादी वस्तू खाण्याजोगी आहे की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता? जिभेवरून, की ती ज्या दुकानात मिळते त्या दुकानाच्या काचेवरून? उत्तर द्यायची घाई करू नका. मी जानेवारीत दिल्लीला जाऊन आले, आणि हा प्रश्न मला तिथं ज्यांनी ज्यांनी घातला त्यांतल्या एकालाही आपण तो घालतो आहोत हे ठाऊक नव्हतं.

आमच्या पेठ तालुक्यात चौदा बायकांचा एक गट आहे. डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीत पिकणाऱ्या नागलीचे (नाचणीचे) पापड या बायका करतात. धान्य घरचं, हात घरचे, ऊन फुकट. नाशिकच्या एका प्रदर्शनात दिल्लीच्या कुठल्याशा कंपनीच्या माणसानं ते पापड चाखले आणि महिन्याभरात पत्र आलं : नमुने घेऊन गुडगावच्या कार्यालयात या. कंपनी देशी खाद्यपदार्थ मोठमोठ्या शहरांत विकणार होती. मागणी मिळाली तर चौदाजणी होळीपासून पावसापर्यंत गावातच पापड करत बसणार होत्या. नाही मिळाली तर दरवर्षीप्रमाणे टेम्पोत बसून द्राक्षमळ्यांवर जाणार, आणि त्यांच्या पोरांची नावं हजेरीपटावर राहून पोरं मात्र मळ्याच्या बांधावर राहणार. एवढ्यासाठी हौसामावशी निघाली. ती गटाची प्रमुख. हिंदी बोलायला आणि कागद वाचायला सोबत मी.

नाशिकरोडला गाडीत चढण्याआधी मावशीनं फलाटावरून ग्लुकोज बिस्किटांचे सहा पुडे घेतले. मला वाटलं, वाटेत खायला. तिनं ते पदराच्या टोकात बांधून थेट दिल्लीपर्यंत नेले आणि वाटेत आम्ही नागलीची भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी आमच्या भाकरीकडे पाहून आपल्या मुलाला कुशीत ओढलं. त्याला त्या हवाबंद पिशवीतले कसलेसे पिवळे तळलेले तुकडे भरवत होत्या. नागलीत हाडांना लागणारा चुना आहे, रक्ताला लागणारं लोह आहे, ती कणगीत वर्षानुवर्षं राहते आणि तिला कीड लागत नाही. त्या पिवळ्या तुकड्यांत काय होतं ते पिशवीवर इंग्रजीत लिहिलं होतं. मी वाचलं. बहुतेक तेल आणि मीठ होतं. बाईंनी बहुधा फक्त पिशवीवरचं चित्र वाचलं होतं.

दिल्लीत आमचा मुक्काम साळवेकाकूंकडे होता. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, ख्रिस्ती घरातल्या. शहरातल्या एका रुग्णालयात तीस-एक वर्षं परिचारिका होत्या आणि निवृत्तीनंतर हिंदूराव रुग्णालयाच्या टेकडीखाली दोन खोल्यांच्या घरात मुलीबरोबर राहतात. माझे वडील आणि त्यांचे दिवंगत यजमान एकेकाळी एकत्र चळवळीची पत्रकं वाटत. थंडी अशी होती की रिक्षावाल्याच्या फक्त डोळ्यांवरून वय ओळखावं लागलं.

काकूंनी आम्हाला चकचकीत टेबलाशी बसवलं आणि समोर काचेच्या वाडग्यांत परदेशी डब्यातले मक्याचे पोहे थंड दुधात घालून ठेवले. मावशीनं एक चमचा तोंडात घातला. मग ती बराच वेळ तो घास तोंडात धरून बसली, जसं आपण डॉक्टरासमोर थर्मामीटर धरतो तसं. नंतर तिनं पदराची गाठ सोडून सहाही पुडे टेबलावर ठेवले.

“हे काय हो? बिस्किटं?” काकूंचा चेहरा पडलाच. “तुम्ही पेठच्या ना? नागली नाही आणली?”

“आणलीय की. पोतंभर. पण ती इकायची,” मावशी म्हणाली. “पाव्हण्याघरी जाताना नागली कुठं न्यायची असते? लाज नाही वाटत?”

“अहो, एकवीस वर्षं झाली मला आंबील प्यायला मिळाली नाही!”

तेवढ्यात काकूंची मुलगी रीना आतून पातेलं घेऊन आली. ती दिल्लीतच वाढलेली, तिची मराठी अर्ध्या वाटेत हिंदीच्या गाडीत बसते. “मम्मी, तुझा बथुआ गॅसवरच राहिला होता, जळला असता यार.”

पातेल्यात चाकवत होता. ताकातला, लसणाची फोडणी दिलेला. काकूंनी तो स्वतःसाठी केला होता आणि पाहुण्यांपासून स्वयंपाकघरात लपवला होता. म्हणजे बघा, एकीनं नागली लपवली, दुसरीनं चाकवत, आणि दोघींनी एकमेकींना मानानं वाढलं काय, तर कारखान्यात भाजून डब्यात कोंबलेला कोरडा मका आणि साखर घातलेला मैदा. हा आपला पाहुणचार. मी खूप हसले. मग माझ्या लक्षात आलं की मी नागलीवर चार पानी पुस्तिका लिहिली आहे आणि पेठला माझ्या घरी कोणी साहित्यिक पाहुणे आले की आई बासमती काढते. हसणं आवरलं.

पोहे काकूंच्या मांजरालाही आवडले नाहीत. चाकवत आम्ही चौघींनी पातेल्याच्या तळापर्यंत संपवला. काकू पोतं उघडून नागलीत हात घालून बसल्या. म्हणाल्या, “वॉर्डात आयुष्यभर मी बाळंतिणींना लोहाच्या गोळ्या वाटल्या. गावाकडच्या असोत की कोठी-बंगल्यातल्या, रक्त सगळ्यांचंच पाण्यासारखं. गोळ्या उशीखाली ठेवून घरी जायच्या. हा बथुआ दारात दोन रुपयांत जुडी मिळतो. पण सांगितलं की म्हणायच्या, सिस्टर, ये तो भैंस को डालते हैं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बस बदलत गुडगावला पोहोचलो. गुडगाव हे अजून अर्धं गाव आणि अर्धा जाहिरातफलक आहे. रस्त्याच्या एका बाजूला गहू उभा, दुसऱ्या बाजूला निळ्या काचेच्या इमारती उभ्या, आणि मधे पाट्या : युरोपातल्या गावांची नावं दिलेल्या वसाहती, त्यांच्या चित्रांत गोरी जोडपी हिरवळीवर सायकली चालवताहेत. जिथं हरियाणवी म्हैस बसत नाही इतका धुरळा, तिथं हिरवळ! कंपनीच्या इमारतीला लागून गव्हाचं एक शेत शिल्लक होतं. आमची वेळ अकराची आणि आम्ही साडेनऊलाच येऊन पोहोचलेल्या. मावशी सरळ बांध ओलांडून शेतात शिरली.

आत चार-पाच बायका ओळीनं बसून गव्हातून काही उपटत होत्या. चाकवतच. तिथं तो पेरत नाहीत, गव्हात आपोआप उगवतो. मावशीही उकिडवी बसली आणि उपटू लागली. कोण, कुठली, काही नाही. शेजारच्या थोराड बाईनं तिच्या हातांकडे पाहिलं, आणि तिचं उपटणं पसंत पडल्यासारखी मान हलवली.

“कित की सै, बेबे?” (कुठली गं, ताई?)

मी सांगितलं, महाराष्ट्रातून. बाईचं नाव रामरती. मी विचारलं, हे शेत तुमचं का? ती म्हणाली, नाही, आणि तसा प्रश्नच नसतो. थंडीत गावातली कुठलीही बाई कुणाच्याही गव्हातला बथुआ उपटून नेऊ शकते. मालकाची निंदणी होते, बाईची भाजी होते. “इसके पीसे कोन्या लागदे,” ती म्हणाली (याचे पैसे पडत नाहीत). घरी खाऊन उरलेला ती वसाहतीच्या फाटकाशी विकते, त्यातून चहा-साखर सुटते.

तिनं फडक्यातली बाजरीची भाकरी सोडली आणि बथुआचं रायतं पितळी डब्यातून मावशीच्या भाकरीवर ओतलं. मावशीनं पिशवीतून भाजलेला पापड काढून तिला दिला. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

“काली सै,” रामरती पापड उलटसुलट करत म्हणाली, “पर सवाद सै!” (काळा आहे, पण चव आहे!)

“काय म्हणती?”

“चव आहे म्हणते.”

“मंग? असणारच,” मावशी म्हणाली आणि आणखी एक पापड काढला.

मी विचारलं, पुढच्या थंडीत इथंच याल ना? रामरतीनं काचेच्या इमारतीकडे हनुवटी केली. “जमीन तो बिक ली. आगली बार उरै कोठी बणैगी.” (जमीन विकली गेली. पुढच्या खेपेला इथं बंगला होईल.) मालकाला जमिनीची किंमत मिळाली. त्यानं मोटार घेतली. पण खरेदीखतात गहू होता का? बथुआ होता का? गावातल्या बायकांचा दर थंडीतला हा पाटीभर पाला, त्यांच्या पोरांच्या रक्तातलं लोह, वसाहतीच्या फाटकावरची दोन पैशांची विक्री, हे कुठल्या रकान्यात मांडलं? कुठल्याच नाही. ज्याची पावती नाही त्याला आपले अर्थतज्ज्ञ तण म्हणतात.

अकराला पाच कमी असताना आम्ही कंपनीच्या फाटकाशी आलो. पहारेकऱ्यानं पिशव्या उघडायला लावल्या. नागलीचे पापड, भगर, आणि एका पिशवीत मोहाची वाळलेली फुलं. मावशीच्या सुनेनं ती वेचून, निवडून दिली होती, तीळ घालून त्यांचे लाडू होतात हे दाखवायला. त्यानं मूठभर फुलं नाकाशी नेली.

“ये तो महुआ है!” तो खालच्या आवाजात म्हणाला. “ये अंदर नहीं जाएगा, मैडम. साहब लोग दारू समझेंगे.”

“आप क्या समझते हैं?” मी तडकून विचारलं.

“हम?” तो इकडेतिकडे पाहून म्हणाला, “हम तो पलामू के हैं. हमारी माँ इसका लट्टा कूटती थी, भुने चने के साथ. स्कूल वही लेके जाते थे.”

एवढं सांगून त्यानं पिशवी स्वतःच्या स्टुलाखाली ठेवली आणि आम्हाला आत सोडलं. त्या पाच मजली इमारतीत मोह हे अन्न आहे हे जाणणारा एकच माणूस होता, आणि कंपनीनं त्याला फाटकाबाहेर बसवला होता.

आतला गारवा थंडीतही यंत्रातून येत होता. आमच्यासमोर आलेले साहेब माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठे, गळ्यात टाय, बोलणं आर्जवी. त्यांच्या पाठीमागे भिंतभर छायाचित्र : डोक्यावर टोपली घेतलेली एक आदिवासी बाई, काळीभोर, तेल लावल्यासारखी चमकणारी. खाली लिहिलेलं, मातीकडे चला. साहेबांनी पापड मोडला, खाल्ला, दुसरा घेतला. मावशीनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. तिसरा घेतला. मला वाटलं, झालं काम.

“टेस्ट बहुत अच्छा है,” ते म्हणाले. “बस कलर. हमारा कस्टमर इतना काला नहीं उठाएगा. आप लोग आधा मैदा मिला दीजिए. या भूसी निकाल के पॉलिश करवा लीजिए. पैकेट पर नागली ही लिखेंगे, कोई प्रॉब्लम नहीं.”

भिंतीवर बाई काळी चालते, पापड काळा चालत नाही. मी हे म्हणाले. आणखी बरंच म्हणाले. कोंडा काढला की लोह आणि चुना कोंड्याबरोबर जातो. नागली लिहून मैदा विकणं याला माझ्या तालुक्यात भेसळ म्हणतात, इथं काय म्हणतात ते त्यांनी सांगावं. आणि मातीकडे चालायचं असेल तर खिडकीतून बाहेर बघा, माती अजून दीड बिघा शिल्लक आहे. साहेब अजिबात चिडले नाहीत. हे लोक चिडत नाहीत. ते पेन उघडतात आणि मिटतात.

“बस कर गं ताई,” मावशी म्हणाली. “भाषण घरी कर. हा काय म्हणतो ते मला सांग.”

मी सांगितलं. मला खात्री होती की ती ताडकन उठेल. ती उठली नाही. तिनं विचारलं, “मैदा कोण देणार? कंपनी?”

“आपको लेना पड़ेगा, लोकल मार्केट से,” साहेब म्हणाले.

मावशीनं बोटांवर हिशेब मांडला. ओठ हलत होते. मला धडकी भरली की ती हो म्हणणार. आणि हो म्हणाली असती तर मी कोण तिला अडवणारी? मळ्यावर मी जात नाही.

“त्याला सांग,” ती शेवटी म्हणाली, “नागली आमच्या घरची, मैदा दुकानाचा. निम्मा पापड दुकानाचा झाला म्हंजे निम्मी नागली घरात पडून राह्यली. मंग मी चौदाजणी बसवू कशाला? सातच बसवते. आन् दुकानदाराला काम देयाला मी दिल्लीला नव्हते आले.”

हे मी भाषांतर करून सांगितलं. तासाभराच्या माझ्या भाषणानं जे झालं नव्हतं ते या चार वाक्यांनी झालं : साहेबांनी पेन मिटून खिशाला लावलं. “आप सोच के फोन कर दीजिए,” ते म्हणाले. टेबलावरचे उरलेले पापड त्यांनी नमुना म्हणून ठेवून घेतले. चव आवडली होती ना.

फाटकाशी पहारेकऱ्यानं पिशवी परत दिली. ती हलकी होती. तो ओशाळून हसला. मावशीनं पिशवी पुन्हा त्याच्या हातात दिली, सगळीच. “घे, लेका. तुझ्या आईसारखं कूट.” त्याला मराठी कळण्याची गरज पडली नाही.

बसमध्ये मी साहेबांवर तोंडसुख घेत होते. मावशीनं मला मधेच थांबवलं.

“तो परका, शहरातला. त्याला काय बोलती? माझ्या घरी जावई आला तर मी तरी काय वाढते? भात. इकत आणून. नागली आम्ही दार लावून खातो. अंगणवाडीत माझी नात भाकरी नेती तर पोरं चिडवती, म्हणून सून तिला बिस्किट देती. काळा रंग ताटातून काय त्यानंच काढला का?”

मला याचं उत्तर माझ्या कुठल्याही पुस्तिकेत सापडलं नाही. सापडणार कसं? आमच्या पुस्तिकांत सगळे गुन्हेगार दिल्लीत राहतात.

काकूंनी हकिकत ऐकली आणि पदर खोचला. करोल बागेत मराठी विद्यार्थ्यांची एक खानावळ आहे. नांदेड, बीड, जव्हार, कुठून कुठून आलेली मुलं. एका खोलीत चार-चार, सरकारी परीक्षेची तयारी करणारी. त्यांची पोटं कायम बिघडलेली, म्हणून काकू दर रविवारी तिथं चक्कर मारतात आणि ओरडून येतात. या रविवारी त्या आम्हाला आणि पोत्याला घेऊन गेल्या.

पोत्यात राहिलेले पापड भाजून ताटात ठेवले. एक उंच मुलगा आपल्या ताटातला पापड बोटानं ढकलत म्हणाला, “हे काय असतं काकू?”

मावशीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. “कुठला रं तू?”

“जव्हारकडचा.”

“जव्हारचा आन् नागली वळखत नाही? आईनं काय घालून वाढवला रं तुला, पुस्तकं?”

सगळी खानावळ हसली. मुलगा कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं पापड उचलला, आणि एकदा उचलल्यावर पाच खाल्ले, डाळीत चुरून, आमच्याकडे खातात तसे. उद्या हा कुठल्या तरी जिल्ह्याचा अधिकारी होईल आणि कुपोषणाच्या योजनेवर सही करेल. त्या योजनेत पोरांना बिस्किटं वाटायची की नागली, हे तो ठरवेल. आज त्याला चारचौघांत नागलीचं नाव घ्यायला लाज वाटत होती. परीक्षेत याचे गुण कापत नाहीत, हे त्याचं नशीब.

खानावळवाल्या बाईंनी दर महिन्याला पापड आणि नागलीचं पीठ मागवायचं ठरवलं. काकूंनी त्यांच्या ओळखीच्या निवृत्त परिचारिकांची मागणी त्यात जोडली. कोंड्यासकट, काळं, जसं आहे तसं. काकूंनी आंबिलीसाठी दोन किलो घेतली. मावशी पैसे घेईना, काकू फुकट घेईनात, शेवटी बदल्यात काकूंनी घरात उरलेली सगळी चाकवताची सुकी पानं बांधून दिली.

परतीच्या गाडीत मावशी खिडकीशी बसून बोटं मोजत होती. एवढ्या मागणीत किती बायका बसवता येतील? सहा. फार ओढून ताणून सहा. मग कोण सहा, हे ठरवायला तिला मनमाडपर्यंतचा रस्ता लागला. ज्यांची पोरं चौथीच्या आत आहेत त्या पहिल्या. मग एक विधवा. मग एक, जिचे पाय मळ्यात उभं राहून सुजतात.

“तुझी सून?” मी विचारलं. मोहाची फुलं तिनंच वेचली होती.

“तिला धरली तर बाकीच्या म्हणतील, परमुखानं घरचीच घेतली.” ती पुढं काही बोलली नाही.

होळीच्या चार दिवस आधी टेम्पो आला. आठजणी गेल्या. मावशीची सून आणि नात त्यांत होत्या. उरलेल्या सहाजणी आता माझ्यासमोर ओट्यावर बसून उकडीचे गोळे दाबताहेत आणि मी हे लिहिते आहे. गुडगावहून फोन आला नाही आणि आम्हीही केला नाही. दिल्लीला जाऊन मी शिकले ते इतकंच, की ज्या मागणीसाठी आम्ही आठशे मैल गेलो ती चार कोसांवर तुमच्या घरात पडून आहे. हे साप्ताहिक नाशिक जिल्ह्यात घरोघर जातं. तुमच्यातल्या किती जणांनी या महिन्यात नागली विकत घेतली?

तेव्हा एक करा. आठवड्याच्या बाजारात डोंगरातून आलेली बाई जमिनीवर फडकं पसरून बसलेली असते. या खेपेला तिच्यासमोर थांबा. रंगावरून भाव पाडू नका. कोंडा काढून मागू नका. पाच किलो नागली घ्या, आणि तिला सांगा की पुढच्या महिन्यातही घ्याल. मग खरोखरच पुढच्या महिन्यात जा. अशी आठ घरं नियमानं निघाली आणि त्यांनी या साप्ताहिकाकडे कळवलं, तर मळ्यावरून एक बाई परत बोलावता येते. आम्ही तिला निरोप धाडू.